लाखेचा हात

आमच्या झाडीपट्टीत ‘लाख’ या एका शब्दाला तीन अर्थ आहेत. धान पिकावर आले, की बांधीतल्या शेवटच्या ओलीवर जी डाळ फेकून पेरतात ती लाख. बाहेरचे लोक तिला लाखोळी म्हणतात. पळसाच्या, बोरीच्या आणि कोसिंबाच्या डहाळ्यांवर बारीक किडे जी राळ आपल्या अंगाभोवती साठवितात, तीही लाख. आणि शंभर हजारांनाही लाखच म्हणतात. परंतु या तिसऱ्या लाखाशी शाळामास्तराचा संबंध फळ्यावरच्या गणितापुरता. पहिली लाख मी लहानपणापासून खात आलो. दुसरीची खरी ओळख मात्र मला वयाच्या चाळिशीनंतर झाली, आणि तीही एका मोटारीमुळे. ती हकीकत, आणि तिच्या अनुषंगाने हाती लागलेला थोडासा इतिहास, वाचकांपुढे ठेवावा एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. शाळेत मुलांना कार्यानुभव शिकवितो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो.

इटियाडोहाचे धरण अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ, गाढवी नदीवर आहे. ते १९७० साली पुरे झाले. त्या वेळी हा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडत असे. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. डोंगरांच्या कुशीत पसरलेले ते पाणी पाहिले, की ‘डोह’ हा शब्द त्याला फारच लहान वाटतो. कालव्यांतून ते खाली लाखांदूर, वडसा, आरमोरीकडच्या धानाला जाते. पण पाणी अडविण्याची विद्या आमच्याकडे या धरणाबरोबर आली असे मात्र नाही. नवेगावच्या बांधासारखे तलाव कोहळी लोकांच्या पूर्वजांनी कित्येक पिढ्यांमागे बांधले, आणि अशा अनेक तलावांना आजही मालगुजारी तलाव म्हणतात. मालगुजारी स्वतः १९५१ साली कायद्याने संपली. तलाव राहिले, काही वाडे राहिले, आणि एखाद्या वाड्याच्या कोठारात एखादी मोटारही राहिली.

अशीच एक मोटार मला पाहावयास मिळाली. धरणापासून फार दूर नसलेल्या एका गावचे पाटील माझ्या शाळेत आपल्या नातवाच्या दाखल्यासाठी आले होते. कादंबरीकाराला जुन्या वस्तूंची आवड असते असा लोकांचा समज आहे. पाटील म्हणाले, “गुर्जी, आमच्या आजोबांची गाडी एकदा पाहून जा. लाकडाचं काम आहे तिच्यात. तुम्ही पोरांकडून लाकडाचं काम करून घेता म्हणून सांगतो.”

गाडी वुल्झली होती, विलायतेत १९४७ साली झालेली. या गाड्यांच्या नाकावरचा बिल्ला रात्री आतल्या दिव्याने उजळतो. लहान मुलांना त्याचे मोठे अप्रूप वाटते. तिचा पत्रा ठीक होता, गादीचे चामडे उंदरांनी खाल्ले होते, आणि आतले लाकूड फारच वाईट स्थितीत होते. पुढची फळी, म्हणजे जिच्यात घड्याळे बसविलेली असतात ती, आणि चारही दारांच्या काचांखालच्या पट्ट्या अक्रोडाच्या लाकडाच्या होत्या. काचेजवळची कड उन्हाने पांढुरकी पडली होती. स्क्रूंच्या भोवती पाण्याने काळे डाग धरले होते. वरचा लेप कासवाच्या पाठीसारखा तडकलेला. एका बाजूच्या खणाच्या झाकणाला तर लाकूड असे उरलेच नव्हते. खालचे पिवळट प्लाय उघडे पडले होते.

“हे कसे झाले?” मी विचारले.

पाटील जरा ओशाळले. काही वर्षांपूर्वी त्यांनी गाडी नीट करावी म्हणून ते झाकण एका मोठ्या शहरातल्या कारागिराकडे पाठविले होते. त्याने घासण्याचे यंत्र चालविले, आणि पाच मिनिटांत अक्रोड नाहीसा झाला. पाटलांनी बाकीचे लाकूड मग कोणाच्याच हाती दिले नाही.

पुढे मी गोंदियाच्या एका वृद्ध पॉलिश मिस्त्रींना ते झाकण दाखविले. त्यांनी ते नखाने वाजवून पाहिले आणि म्हणाले, “गुर्जी, हे लाकूड नोहे, पापड आहे. पापडाले कोनी मशीन लावते का?”

मिस्त्रींच्या त्या एका वाक्यात मोटारीतल्या लाकडाचा सारा इतिहास साठविलेला आहे, हे मला नंतर कळले.

* * *

मोटार ही घोडागाडीची लेक. १८८६ साली कार्ल बेंझने जर्मनीत आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले, तेव्हा तिच्यात घोडा तेवढा नव्हता. बाकी रूप पुष्कळसे बग्गीसारखेच होते. आज ज्याला आपण डॅशबोर्ड म्हणतो तो शब्दही घोड्याच्या काळातला. घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे एक उभी फळी लावीत. चिखलाचा मारा अडविणारी फळी ती डॅशबोर्ड. घोडा गेला, चिखल उडविणारे कोणी उरले नाही, तरी फळी राहिली, आणि तिच्यात वेगाचे, तेलाचे, विजेचे काटे बसले. भाषेत आणि वस्तूंत अशी जुनी माणसे नाव बदलून राहतच असतात.

पहिल्या काळात मोटारीचे सगळे शरीरच लाकडाचे असे. विलायतेत अ‍ॅश नावाच्या चिवट लाकडाचा सांगाडा करावयाचा आणि त्यावर पत्रा ठोकावयाचा, ही बग्गी बांधणाऱ्या सुतारांचीच रीत होती. चाकांचे आरेही लाकडी असत. अमेरिकेत हेन्री फोर्डची टी मॉडेल १९०८ ते १९२७ या काळात निघाली, तिच्यासाठी त्याने मिशिगन प्रांतात स्वतःची जंगले आणि कापगिरण्या ठेविल्या होत्या. उरलेल्या भुशाचा आणि तुकड्यांचा कोळसा करून विकण्यापर्यंत त्याचा हिशेब गेला होता. पुढे पत्रा दाबून एकसंध शरीर करण्याची यंत्रे आली. सांगाड्यातले लाकूड हळूहळू गेले. ज्या लाकडावर गाडी उभी होती ते नाहीसे झाले, आणि बसणाऱ्याच्या डोळ्यांना दिसणारे तेवढे उरले.

तेही पुष्कळदा भरीव नसे. अक्रोडाच्या खोडावर जी गाठ येते तिच्या आत लाकडाची नक्षी ढगांसारखी फिरलेली असते. तशी गाठ दुर्मिळ आणि महाग. म्हणून तिचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढून साध्या लाकडावर सरसाने चिकटवीत. शेजारशेजारचे दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे उघडून लावले, की डावीकडची नक्षी उजवीकडे आरशातल्यासारखी उमटते. पापुद्र्याची जाडी एका मिलिमीटरहूनही कमी. हाच मिस्त्रींचा पापड. इतकेच नव्हे, तर १९३० नंतरच्या कित्येक अमेरिकन गाड्यांत पत्र्यावरच लाकडाची नक्षी छापलेली असे. अशी फळी कोणी लाकूड समजून घासावयास घेतली तर खाली लोखंड निघते! तेव्हा जुन्या गाडीच्या लाकडाला हात लावण्यापूर्वी ते लाकूड आहे का, असल्यास किती आहे, आणि त्यावर काय आहे, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

यांतला तिसरा प्रश्न मला थेट पळसाच्या झाडापाशी घेऊन गेला.

* * *

लाखेचा किडा उवेपेक्षाही लहान. कोवळ्या डहाळीत सोंड खुपसून तो रस पितो आणि अंगाभोवती राळ सोडतो. लाखो किडे शेजारी शेजारी बसले, की डहाळीवर तांबूस खडबडीत कवच तयार होते. लाक्षा हा शब्दच किड्यांच्या या संख्येवरून आला असे म्हणतात. अथर्ववेदात लाक्षेवर एक सूक्त आहे. महाभारतात तर वारणावतच्या लाक्षागृहामुळे ती घरोघरी माहीत झाली. लाख किती लवकर पेट घेते हे पुरोचनाला ठाऊक होते आणि विदुरालाही!

आपल्याकडे लाखेचा संसारातला उपयोग मात्र बायकांच्या हातांपाशी होता. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ काढला, त्यात लाखेच्या बांगड्या करणाऱ्या लखेरा जातीवर स्वतंत्र टिपण आहे. कोकणात सावंतवाडीची लाखेची खेळणी प्रसिद्ध आहेत. चरकावर फिरत्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकविली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते.

युरोपला प्रथम लाखेचा मोह पडला तो तिच्या लाल रंगासाठी. १८५६ साली लंडनच्या पर्किनने डांबरापासून रंग काढला, आणि पुढे अशा रासायनिक रंगांपुढे लाखेचा रंग टिकला नाही. पण तोवर राळेला दुसरे गिऱ्हाईक मिळाले होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिस आणि लंडनच्या सुतारांत लाकडाला झिलई देण्याची एक नवी तऱ्हा रूढ झाली. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवावयाची, कापसाचा बोळा सुती फडक्यात बांधून त्यात भिजवावयाचा, आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा हात फिरवीत एकावर एक शेकडो पातळ थर चढवावयाचे. तिला नाव पडले फ्रेंच पॉलिश. पियानो, कपाटे, आगगाडीचे डबे, बग्ग्या आणि मग मोटारी, सर्वांना ही झिलई लागू लागली. नाव फ्रेंच, लाकूड विलायती, आणि लेप हिंदुस्थानातल्या पळसावरचा!

हा लेप तयार कसा होई? डहाळ्यांवरची लाख खरवडून, कुटून, धुऊन तिचे दाणे करीत. ते दाणे एका लांब अरुंद कापडी पिशवीत भरून ती कोळशाच्या भट्टीसमोर धरीत. एकजण पिशवीला पीळ देई, दुसरा कापडातून पाझरणारी वितळलेली लाख काढून घेई. मग तो लगदा ऊन असतानाच एक कामकरी दोन्ही हातांनी, दोन्ही पायांच्या अंगठ्यांनी आणि दातांनी धरून ताणीत असे, आणि काचेसारखी पातळ चादर तयार झाली, की ती मोडून तिचे पापुद्रे करीत. तोच चपडा. मिर्झापूर, झालदा, बलरामपूर ही या धंद्याची मोठी ठाणी. माल कलकत्त्याहून लंडन-न्यूयॉर्कला जाई. मध्य प्रांतात धमतरीचा बाजार मोठा, आणि आमच्या गोंदियातही लाखेचे कारखाने होते. गोंदिया हे नावच जंगलातल्या गोंदावरून, म्हणजे डिंकावरून पडले असे लोक सांगतात. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८२ च्या सुमारास या बाजूने गेली, पुढे बंगाल नागपूर रेल्वेने ती घेतली, आणि गोंदियाहून चांद्याकडे छोटी लाईनही निघाली. अर्जुनी त्याच लाईनीवरचे स्टेशन. जंगलातल्या डहाळीवरचा माल जगाच्या बाजारात जाण्याची वाट ती.

तो बाजार केवढा होता! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गाण्याच्या तबकड्या लाखेच्या होऊ लागल्या. १९०८ साली कलकत्त्यात तबकड्यांचा कारखाना निघाला. बालगंधर्वांचे गाणे ज्या तबकड्यांवरून महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले त्या तबकड्या लाखेच्याच. सरकारलाही तिचे महत्त्व कळले. लिंडसे आणि हार्लो यांचा लाखेवरचा मोठा अहवाल १९२१ साली निघाला, आणि १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनाची संस्था उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात तर १९४२ साली अमेरिकेने लढाईच्या कामासाठी लाख राखून ठेवण्याकरिता तबकड्यांच्या लाखेत मोठी कपात केली. पळसाखाली उकिडवे बसून लाख खरवडणाऱ्या बाईला हे कोण सांगणार? तिला फक्त भाव चढला किंवा उतरला एवढे कळे.

उतरती कळा दोन बाजूंनी आली. मोटारीच्या धंद्यात १९२३-२४ साली अमेरिकेत ड्युको नावाचा सेल्युलोजचा लेप निघाला. पूर्वी गाडी रंगवून वाळावयास आठवडे लागत, ते काम थोड्या वेळात होऊ लागले. मोठ्या कारखान्यांनी लाकडालाही बोळ्याऐवजी फवाऱ्याने सेल्युलोज मारावयास सुरुवात केली. तबकड्यांचेही तेच झाले. १९४८ साली प्लास्टिकची दीर्घ तबकडी आली आणि पुढल्या दहा-पंधरा वर्षांत लाखेची तबकडी अडगळीत गेली. लाख अगदी मेली असे नाही. औषधाच्या गोळ्यांना, मिठाईला, फळांच्या सालीला आजही तिचा लेप लागतो. परंतु आमच्याकडे आज पळस पुष्कळ आहे आणि लाख लावणारा हात शोधावा लागतो.

* * *

हे सारे वाचून-विचारून झाल्यावर मी मिस्त्रींना घेऊन पाटलांच्या वाड्यावर गेलो. माझी अटकळ अशी होती की गाडी १९४७ ची, मोठ्या कारखान्याची. तेव्हा लाकडावर सेल्युलोज असावयास हवे. मिस्त्रींनी अटकळीत वेळ घालविला नाही. फळीच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर त्यांनी बोटाने स्पिरिटचा थेंब ठेविला, थोडा वेळ थांबले, आणि बोट लावून उचलले. बोट चिकटले.

“लाख हाय जी,” ते म्हणाले.

मग त्यांनी वेगमापकाभोवतीचे निकेलचे कडे काढले. त्या कड्याखाली जी लाकडाची कड झाकली गेली होती, तिच्यावर स्पिरिट लावले. बोट चिकटले नाही. रंगाच्या दुकानातले थिनर लावले. लेप लगेच विरघळला. खाली सेल्युलोज, वर लाख! अर्थ उघड होता. कारखान्याचा लेप खाली होता, आणि त्यावर कोणीतरी नंतर लाखेचा हात दिला होता. कडी मात्र न काढता.

दारांच्या पट्ट्या सोडविल्या तेव्हा आणखी एक पुरावा मिळाला. पट्टीच्या मागच्या कोऱ्या लाकडावर शिसपेन्सिलीने विलायती कारागिराने आकडा घातलेला होता, जोडीच्या पापुद्र्यांची फाटाफूट होऊ नये म्हणून. आणि त्या आकड्याशेजारी, वेगळ्या हाताने, देवनागरीत लिहिले होते: ‘माघची उजवी’. मागची नव्हे, माघची. मास्तराच्या डोळ्याला आधी चूक दिसली, आणि मग माणूस दिसला.

कोण असेल तो? पाटलांच्या सांगण्याप्रमाणे गाडी १९४८ साली वाड्यात आली. मालगुजारी गेल्यावर ती क्वचितच बाहेर निघे. तिची शेवटची लांब फेरी धरण पहिल्यांदा भरले तेव्हाची. सारे घर इटियाडोहाचे पाणी पाहावयास गेले होते. त्यानंतर ती कोठारात उभी राहिली ती राहिलीच. तेव्हा लाखेचा हात पडला तो या बावीस-तेवीस वर्षांत. विलायतेहून सामान मागविण्याची ऐपत उरलेली नव्हती. गोंदियाच्या बाजारात चपडा मिळत होता, स्पिरिट मिळत होते. कोणा मिस्त्रीने चारही पट्ट्या सोडविल्या, अदलाबदल होऊ नये म्हणून मागे नावे घातली आणि अक्रोडावर पळसाचा लेप चढविला. त्याला हे ठाऊक नसेल, की विलायतेतल्या बग्गीवाल्यांचे जुने काम आपण त्यांच्याच जुन्या रीतीने आणि आपल्याच जंगलातल्या मालाने करीत आहोत.

येथे खरा पेच पडला. पाटलांची इच्छा होती की गाडी कारखान्यातून निघाली तशी व्हावी. तसे करावयाचे तर वरची लाख पुसून काढणे आले. लाखेला स्पिरिट लावले, की ती अर्ध्या तासात फडक्यात येते. पाटलांचे म्हणणे अगदी रास्त होते. गाडी त्यांच्या आजोबांनी घेतली तशी त्यांना हवी होती. मी म्हणालो, “पण आजोबांनी शेवटी जी चालविली ती ही.”

जुन्या गाड्यांच्या बाबतीत हा वाद जगभर आहे. नेताजी सुभाषचंद्र बोस ज्या वाँडरर गाडीतून १९४१ च्या जानेवारीत कलकत्त्याच्या एल्गिन रोडवरच्या घरातून निसटले, ती गाडी दुरुस्त करून जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते लोकांपुढे आणली गेली. तेथे करावयाचे काय हे ठरविणे सोपे होते. त्या गाडीच्या आयुष्यात एक रात्र अशी आहे की जिच्यापुढे बाकीच्या रात्री फिक्या पडतात, आणि ती त्या रात्री जशी असेल तशी दिसावी हे सर्वांनाच पटते. कोल्हापूरची मेबॅक गाडी दसऱ्याच्या सोहळ्यात अजून निघते; तिचा इतिहास दर दसऱ्याला एक पान पुढे जातो. पण आमच्या पाटलांच्या गाडीला अशी रात्रही नाही आणि असा दसराही नाही. तिच्या आयुष्यातली एकच गोष्ट इतिहासात नोंदण्यासारखी मला वाटली, आणि ती म्हणजे ‘माघची उजवी’.

मिस्त्रींना आम्ही विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पाटील, लाख पुसाले मी येतो. पन पुसली तं तो मानूस पुसला जाईल. मले जमते ते सांगतो. जुन्या लाखेले नवी लाख धरते. सेल्युलोजवाल्याचं तसं नाही होय.”

* * *

लाखेचा हा गुण खरोखर विलक्षण आहे. वाळून सत्तर वर्षे झाली तरी स्पिरिट लागताच ती पुन्हा मऊ होते, आणि नव्या लेपात मिसळून जाते. जुन्या-नव्याची शिवण राहत नाही. तडकलेला लेप खरवडून न काढता नुसत्या स्पिरिटच्या ओल्या बोळ्याने हळूहळू हात फिरविला, की भेगा भरून येतात. पाटलांनी मान डोलाविली.

काम दिवाळीनंतर सुरू करावयाचे ठरले. पावसाळ्यात हवेतल्या ओलीमुळे लाखेच्या लेपावर पांढुरकी साय धरते. म्हणून जुने मिस्त्री कार्तिकाची कोरडी हवा पसंत करतात. मौज अशी की पळसावरच्या लाखेचे एक पीकही कार्तिकातच निघते. आपल्या परिसरातली लाख मिळते का ते पाहावे असे माझ्या मनात आले. चार गावे विचारीत फिरल्यावर एका शेतकऱ्याच्या बांधावरच्या पळसावर थोडी मिळाली. त्याच्या बापाने लावलेले बी झाडावर तसेच टिकून राहिले होते. “विकत नाही जी, आता कोन घेते?” म्हणून त्याने पैसेही घेतले नाहीत.

ती लाख मी शाळेत नेली. कार्यानुभवाच्या तासाला मुलांनी डहाळ्या खरवडल्या, लाख कुटली, रात्रभर पाण्यात भिजविली आणि दुसऱ्या दिवशी चोळून धुतली. पाणी लालभडक झाले. ज्या रंगासाठी एके काळी जहाजे भरत, तो आमच्या शाळेच्या नळाखालून वाहून गेला, आणि सातवीच्या पोरांचे हात दोन दिवस रंगलेले राहिले. सावलीत वाळवून दाणे स्पिरिटमध्ये टाकले आणि मलमलीतून गाळले. जेमतेम एक बाटली झाली. बाजारचा चपडा फिकट सोनेरी. आमचा काढा तांबूस. मिस्त्रींनी तो एका ढलपीवर लावून जुन्या फळीशेजारी धरला. रंग जुळला.

मग महिनाभर काम चालले. आधी टर्पेंटाइनने जुने मेण आणि मळ उतरविला. सुटलेल्या पापुद्र्यांखाली पातळ सरस सोडून ओल्या फडक्यावरून कोमट इस्त्री फिरविली आणि वजन ठेविले. स्क्रूंभोवतीचे काळे डाग लोखंडाचा गंज आणि लाकडातला तुरट रस यांच्या संयोगाने पडतात. ते ऑक्झॅलिक आम्लाच्या फिक्या पाण्याने उतरले. ते विषारी असते, म्हणून मुलांना दूर ठेविले. उन्हाने उडालेल्या कडांना तांबूस लाखेचे चार हात जादा दिले. घासण्यासाठी वापरला तो झिजून मऊ झालेला काचकागद, आणि तोही दोन बोटांनी. शेवटी बोळ्याला जवसाच्या तेलाचा थेंब. जवसही आमच्याच बांधीतले. दोन हातांच्या मध्ये एक रात्र जावयाची. घाई केली की बोळा खालचा थर उचलतो.

यंत्राने खाल्लेल्या झाकणावर नवा पापुद्रा बसविला. त्याची नक्षी जोडीच्या झाकणाशी जुळत नाही, आणि मिस्त्रींनी ती जुळविण्यासाठी खोटी नक्षी काढण्याचे नाकारले. आमच्या शाळेतली लाख त्या झाकणावर संपली. दारांच्या पट्ट्यांच्या बाबतीत मात्र त्यांनी माझे ऐकले नाही. पावसाचे पाणी आणि वैशाखाचे ऊन यांपुढे नुसती लाख टिकत नाही. पाऊणशे अंशांच्या आसपास ती वितळतेच, आणि आमच्याकडे मे महिन्यात बंद गाडीच्या आत फळी साठ-सत्तर अंशांपर्यंत सहज तापते. तेव्हा पट्ट्यांवर लाखेचा अस्तर आणि वर व्हार्निशचा एक पातळ हात द्यावा लागला. जुन्याचा अभिमान जुन्याच्या उणिवा पाहू देत नाही, हे मला त्या दिवशी मिस्त्रींकडून शिकावे लागले. हयातभर लाखेवर पोट भरलेल्या त्या माणसाला लाखेची उणीव सांगताना कमीपणा वाटला नाही.

पट्ट्या परत बसविण्यापूर्वी पाटील म्हणाले, “मिस्त्री, मागं तुमचंही नाव घाला.” मिस्त्रींनी पेन्सिल घेतली, ‘माघची उजवी’च्या खाली थोडी जागा पाहिली, आणि नाव न लिहिता साल तेवढे लिहिले. “नाव त्यानंही नाही लिहिलं,” ते म्हणाले.

या दिवाळीत पाटील गाडी घेऊन इटियाडोहावर गेले होते. भाऊबीज झाली होती. गावोगाव मंडया भरू लागल्या होत्या आणि रात्रीच्या नाटकांचे तंबू उभे राहत होते. वाटेत त्यांनी मला घेतले. मी पुढे बसलो. संध्याकाळचे ऊन पाण्यावरून आत आले आणि फळीवर पडले. अक्रोडातले ढग लालसर दिसू लागले. गाडीत मागे पाटलांचा नातू होता. त्याच्या हातांवरचा लाल रंग केव्हाच गेला होता. त्याने पुढे वाकून खणाच्या झाकणावर बोट ठेविले आणि आजोबांना सांगितले,

“हे आमच्या शाळेचं आहे.”